फळीवरचा कागद

सून अंगणात पडते, याचं आक्कांना काही नव्हतं. माणूस आहे, पडायचंच. पण पडल्यावर ती हसते, ही कुठली रीत? बाईमाणसानं पडावं, उठावं, कपडे झटकावेत, जमिनीला दोन शिव्या हासडाव्यात आणि कामाला लागावं. आक्का स्वतः आयुष्यात तीनदा पडल्या होत्या आणि तिन्ही वेळा चूक जमिनीची होती. ही मात्र एक्केचाळीस वर्षांची बाई चाकाच्या फळीवरून धपकन खाली बसायची आणि बसल्या जागी खिदळायची. वर सोळा वर्षांची तिची पोरगी शेजारी उभी राहून शाबासकी द्यायची, "छान पडलीस, आई. कालच्यापेक्षा चांगली."

"पडण्यात कसलं आलंय चांगलं नि वाईट?" आक्का वरच्या खिडकीतून विचारायच्या.

"असतं, आज्जी. हात टेकला की मनगट जातं. कोपर आत घ्यायचं आणि कुशीवर लोळायचं. पहिला आठवडाभर मी आईला नुसतं पडायलाच शिकवलंय."

"धन्य आहे. आमच्या घरात त्याची शिकवणी लावावी लागली नव्हती कुणाला. तुझे आजोबा बिनशिकवताच रोज कुठंतरी आपटायचे."

खाली मायलेकी दोघी हसायच्या. आक्का मात्र हसायच्या नाहीत. आपल्या विनोदाला आपण हसणं त्यांना हलकटपणाचं वाटायचं.

घर वरच्या मजल्यावर, कारखाना खाली. कारखाना म्हणजे दोन लांब खोल्या आणि मागं फरशी घातलेलं अंगण. लोकांच्या मोडक्या खुर्च्या, डगमगती टेबलं, बिजागऱ्या निखळलेली कपाटं इथं यायची आणि नवी होऊन जायची. मिस्त्री सांधे धरायचा. मुलगा गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा आणि टेम्पोतून सामान पोचवायचा. सून खुर्च्यांना वेत विणायची. आणि शेवटचा हात आक्कांचा. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून मलमलीच्या बोळ्यानं त्या लाकडावर असा हात फिरवायच्या, की गिऱ्हाईक आपलंच टेबल ओळखायचं नाही. आक्कांची शाळा दुसरीत सुटली होती. पण लाकडावरून अंगठा फिरवला की ते कुठल्या नंबरच्या पॉलिश पेपरनं घासलंय, हे त्या डोळे मिटून सांगायच्या आणि त्यांचं कधी चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. चुकलं असतं तरी ते तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती, हेही खरंच.

फळी नातीची. स्केटबोर्ड म्हणतात त्याला, हे आक्कांना माहीत होतं, पण खाली चार चाकं लावली म्हणून फळीचं नाव कशाला बदलायचं? एकदा सुनेनं विणून झालेल्या खुर्च्या त्या फळीवर रचून अंगणातून टेम्पोपर्यंत ढकलत नेल्या. रिकामी फळी परत आणताना तिनं सहज एक पाय वर ठेवला. फळी दोन हात पुढं गेली, फळीबरोबर सूनही गेली. मिस्त्री सांगायचा, त्यानंतर वैनी पाच मिनिटं तिथंच उभ्या होत्या, कुणीतरी नावानं हाक मारून पुढं निघून गेल्यासारख्या. संध्याकाळी तिनं पोरीला विचारलं, "मला येईल का गं हे?"

लग्न होऊन आल्यापासून या बाईनं स्वतःसाठी कधी काही मागितलेलं आक्कांना आठवत नव्हतं. म्हणून तर त्यांना ते खुपलं. मागून मागून काय मागितलं, तर पडायला जागा.

मग रोज पाच वाजले की अंगणात शाळा भरायची. नातीनं आईला मागून हळूच धक्का देऊन पाहिलं, कुठला पाय आधी पुढं पडतो ते. डावा पडला, म्हणजे डावा पुढं. गुडघे वाकव. पायाकडं बघू नकोस, जायचंय तिकडं बघ. उजव्यानं ढकल, घाई करू नकोस. सुनेनं खुर्चीच्या गादीतला स्पंज कापून, वर रेक्झिन शिवून गुडघ्यांना नि कोपरांना बांधायच्या गाद्या बनवल्या. डोक्याला नवऱ्याचं स्कूटरचं हेल्मेट. ते घातल्यावर ती दिसायची अगदी डबल सोफ्यासारखी, असं आक्का म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात आक्कांनी आपली खुर्ची खिडकीशी ओढून घेतली. उजेड लागतो, म्हणाल्या. हा उजेड त्यांना नेमका पाचच्या सुमाराला लागायचा. ज्या दिवशी सून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत न पडता गेली, त्या दिवशी आक्कांच्या हातातला चहा कपात तसाच गार झाला. भिंतीला हात लावून सून वळली आणि तिनं आधी पोरीकडं नाही, वर खिडकीकडं बघितलं.

"खांदे आखडतेस," आक्का म्हणाल्या आणि गार चहा पिऊन टाकला.

पण मनात काहीतरी हललं होतं. आक्कांच्या मनात काही हललं की त्या बोलायच्या नाहीत, पॉलिश करायच्या. मुलगा पहिल्यांदा शाळेत गेला त्या दिवशी त्यांनी घरातली सगळी दारं पॉलिश केली होती. नवरा गेला त्या महिन्यात कारखान्यातली शिडीसुद्धा चमकत होती.

रविवारी मायलेकी दोन दिवसांसाठी सुनेच्या माहेरी गेल्या तेव्हा आक्का खाली आल्या. कोपऱ्यातली फळी त्यांनी उचलून मांडीवर घेतली. वरून अंगठा फिरवला आणि त्यांचं तोंड कडू झालं. खरखरीत, काळा पॉलिश पेपर तिच्यावर चक्क चिकटवलेला होता, ऐंशी नंबरचा, कडेनं झिजून सुटलेला. ज्या कुणी ही बनवली त्यानं घासायचा कागदसुद्धा न काढता माल सोडून दिला होता. असलं अर्धवट काम घेऊन आपली सून दोन महिने झगडतेय? बुटांचे तळवे उगाच नाही झिजत तिचे.

आक्कांनी गरम पाण्याची फडकी ठेवून कागद सोलून काढला. आत मेपलसारखं फिकट, सरळ रेषांचं लाकूड निघालं, दाबून बसवलेले सात थर कडेला मोजता येत होते. माल चांगला होता, करणारा आळशी होता. त्यांनी एकशेवीसनं घासलं, दोनशेवीसनं घासलं, चारशेनं घासलं. मग लाखेचे हात द्यायला सुरुवात केली. दोन दिवसांत आठ हात दिले. आठ हात त्या फक्त लग्नाच्या नाहीतर जन्माच्या वस्तूला द्यायच्या, एरवी पाचात काम भागायचं. मंगळवारी दुपारी फळीत खिडकीचं प्रतिबिंब दिसत होतं, गजांसकट. आक्कांनी ती जागच्या जागी उभी करून ठेवली आणि वर जाऊन खुर्चीत बसल्या.

पाच वाजले. नात शिकवणीला गेली होती, सून एकटीच अंगणात आली. फळी हातात घेतली आणि थबकली. उलटी केली, सुलटी केली, तळहात वरून फिरवला. मग वर बघितलं.

"तुम्ही केलंत, आक्का?"

"नाही, भूत आलं होतं. आवडलं का ते सांग."

"फार सुंदर झालंय," सून म्हणाली. "आठ हात दिलेत."

न सांगता तिनं मोजले, याचं आक्कांना बरं वाटलं. सुनेनं मग फोन कानाला लावला आणि भिंतीकडं तोंड करून हळू आवाजात कुणाशी तरी बोलली. पोरीला कौतुक सांगत असेल, असं आक्कांनी धरलं. फोन ठेवून तिनं गुडघ्याचे पट्टे आवळले, कोपरांचे आवळले, परत एकदा आवळले.

"उभी राहा की," आक्का वरून म्हणाल्या. "बघत काय बसलीस? कपाटात ठेवायला केलेली नाही ती."

सून फळीवर चढली. डावा पाय पुढं, उजव्यानं एक रेटा. तो उजवा पाय फळीवर आला आणि वितळल्या लोण्यावरून सुरी जावी तसा निसटला. शिकलेलं आठवायलाही वेळ मिळाला नाही. हात टेकला गेला. फळी भिंतीवर जाऊन आपटली आणि फरशीवर बसलेली सून मनगट मांडीवर घेऊन सवयीनं हसली. तोंडावर घाम आला होता तरी हसली.

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर.

दवाखान्यातून आल्यावर मुलगा खोलीत येरझाऱ्या घालत होता. एका वाचनालयाच्या चोवीस खुर्च्या खाली विणायच्या पडल्या होत्या आणि विणणारा हात गळ्यात लटकत होता. त्यानं येताना अंगणातली फळी उचलून आणली होती. दिव्याखाली धरली तर ती आरशासारखी चमकली.

"हे काय आहे?" त्यानं बायकोला विचारलं. "यावरचा कागद कुठंय? तो पायाच्या पकडीसाठी असतो. तोच काढून वर पॉलिश कुणी केलं?"

आक्का कोपऱ्यात बसल्या होत्या. पकडीसाठी. म्हणजे तो कागद कुणी विसरलेला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं.

"मीच केलं," सून म्हणाली. "छान दिसेल म्हणून."

"छान दिसेल म्हणून? वीस वर्षं या घरात काढलीस, पॉलिशवरून पाय सरकतो एवढी अक्कल आली नाही तुला? लहान आहेस का?"

"चुकलं माझं."

"आता पुरे झाले हे खेळ. उद्या मिस्त्रीला सांगतो, चाकं काढून सामानाच्या गाडीला लाव आणि फळी मोडीत टाक."

सुनेनं फळीकडं बघितलं आणि मान खाली घातली. नात काहीतरी बोलायला गेली, तर आईनं तिच्याकडं अशी नजर टाकली की पोरगी गप्प बसली. आणि आक्का? उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं. ज्या बाईपुढं कारखान्यातला खिळा वाकडा जायला भ्यायचा, त्या बाईला ‘मी केलं’ एवढं म्हणता आलं नाही.

त्यांना सासू आठवली. लग्नाला सहा महिने झाले असतील नसतील. एका वकिलाचं लिहायचं टेबल पॉलिशला आलं होतं. सासूच्या हातून स्पिरिटची बाटली कलंडली आणि तयार टेबलावर पांढरा चट्टा उठला. वकील आला, तेव्हा सासू म्हणाली, नवी पोर आहे, अजून हात बसलेला नाही. सगळ्यांनी आक्कांकडं बघितलं. आक्कांनी मान खाली घातली, अगदी अशीच. मग त्या वाट बघत राहिल्या. आज म्हणेल, उद्या म्हणेल. चारचौघांत नको, चुलीपाशी म्हणाली असती तरी चाललं असतं, की पोरी, माझ्यावरचं तू झेललंस. सासू त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. मरताना तिनं किल्ल्या कुठं आहेत ते सांगितलं.

सकाळी नात आज्जीच्या समोर येऊन बसली. आईनं तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलंय, पण मी बोलणार, अशा बेतानं.

"आज्जी, पॉलिश तू केलंस ना?"

"ते तुझ्या बापाला दिसलं नाही, तुला बरं दिसलं."

"मला आईनं फोन केला होता. शिकवणीच्या मधल्या सुट्टीत. विचारलं, कागद नसेल तर उभं राहिलेलं चालतं का? मी म्हटलं, अजिबात राहू नकोस, आपटशील. तर म्हणाली, आक्का खिडकीत बसल्यात. आठ हात दिलेत गं त्यांनी माझ्या फळीला. एकदाच ढकलते आणि उतरते."

आक्कांनी विचारलं, "माहीत होतं तिला?"

"दोन महिने शिकतेय ती. माहीत नसेल होय?"

"आणि तरी चढली?"

"मिस्त्रीकाकांनी ऐकलंय, तूच म्हणालीस ना, उभी राहा की."

आक्का उठल्या. जिना उतरून कारखान्यात गेल्या. मिस्त्रीनं फळी बाकावर उलटी घातली होती आणि पाना हातात घेतला होता.

"ठेव तो," आक्का म्हणाल्या.

"साहेबांनी सांगितलंय, चाकं काढ म्हणून."

"साहेबाला जन्म कुणी दिला?"

मिस्त्रीनं पाना ठेवला. तीस वर्षं तो या बाईबरोबर काम करत होता. फळी सुलटी करून त्यानं उजेडात तिरकी धरली आणि कुणाला न सांगता सांगितल्यासारखं बोलला, "वैनींनी केलंय म्हणतात. असेल बुवा. वैनींचा हात हुबेहूब तुमच्यासारखा पडतो, एवढं कळलं नव्हतं मला."

"तुला पुष्कळ कळतं. साठ नंबर दे."

"साठ? पॉलिशवर?"

"सरस काय आरशाला चिकटतो? दे म्हटलं ना."

आक्कांनी तो जाड कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळला आणि आपल्याच आठ हातांवर धरला. पन्नास वर्षांत त्यांनी स्वतःचं काम कधी खरवडलं नव्हतं. पहिली रेघ ओढली तेव्हा त्यांच्या दाढा एकमेकींवर घट्ट बसल्या. दुसरीला थोडं सोपं गेलं. लाखेची पिवळी भुकटी मांडीवर पडत राहिली. लाकूड पुन्हा फिकट आणि खरबरीत झालं, तेव्हा त्यांनी रॅकवरचे कागद एकेक करून अंगठ्यानं चाचपले आणि कापडी पाठीचा ऐंशी नंबरचा निवडला. सरस पातळ लावला, मधून कडेला दाबत कागद बसवला, हवेचा एक फुगा राहू दिला नाही. कडा सुरीनं अशा कापल्या की कागद लाकडातूनच उगवल्यासारखा दिसावा. वर चार विटा ठेवल्या.

"दुपारपर्यंत हलवायची नाही," त्यांनी मिस्त्रीला सांगितलं. "आणि तोवर मला वेत भिजवून दे. चोवीस खुर्च्या कोण विणणार, तू?"

"तुम्हाला येतं विणायला?"

"नाही. शिकेन."

दुपारी मुलगा टेम्पो लावून आत आला, तर त्याची आई खालच्या स्टुलावर बसून ओल्या वेताच्या पट्ट्यांशी मारामारी करत होती आणि गळ्यात हात अडकवलेली बायको शेजारी बसून सांगत होती, "वरून नाही आक्का, खालून. आता ओढा. इतकं नाही, पट्टी तुटेल." आक्कांनी तिसरी पट्टी तोडली होती आणि तिन्ही वेळा चूक वेताची होती. नात दारात उभी राहून बघत होती. मिस्त्री रंधा मारायचा थांबला होता.

मुलाची नजर विटांखालच्या फळीवर गेली. "मी काय सांगितलं होतं?"

"जे सांगितलंस ते चुकीच्या बाईला सांगितलंस," आक्का म्हणाल्या. त्यांनी वेत खाली ठेवला आणि हात पदराला पुसले. "तो कागद मी सोलला. पॉलिश मी केलं. मला वाटलं, कुणी काम अर्धं टाकून गेलंय. लाकूड मला कळतं, चाकं कळत नाहीत, आणि कळत नाही ते विचारायची मला सवय नाही. काल तू हिची अक्कल काढत होतास ना, ती माझी काढत होतास. मी कोपऱ्यात बसून ऐकलं आणि गप्प राहिले. आता काय बोलायचंय ते मला बोल."

आईनं चुकलं म्हटलेलं मुलानं पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि त्यावर काय बोलतात हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी तो बायकोकडं वळला. "मग तू का म्हणालीस, मी केलं म्हणून?"

सून प्लास्टरवरची धूळ झटकत बसली.

"ती नाही सांगायची," आक्का म्हणाल्या. त्यांनी एकेक वीट उतरवली, फळी उचलली आणि अंगठा कागदावरून फिरवला. धरला होता, चांगला धरला होता. स्टूल पुढं ओढून त्या सुनेसमोर बसल्या आणि फळी तिच्या मांडीवर, चांगल्या हाताखाली ठेवली. सुनेनं बोटं त्या खरखरीत कागदावर पसरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसतही होती. या बाईचं सगळंच एकदम.

आक्कांनी घसा खाकरला. आवाज नेहमीचाच काढला, दुसरा त्यांच्याकडं नव्हता.

"हे बघ, सूनबाई. माझ्या सासूनं केलेलं मी झेललं, आणि त्याबद्दल एक अक्षर ऐकायला मी एकोणीस वर्षं थांबले. तुला मी एक रात्रसुद्धा थांबवायला नको होतं. माझं मन मोडू नये म्हणून तू हाड मोडून घेतलंस. एवढं माझ्यासाठी माझ्या आईनंही केलं नसतं, आणि मी ते विसरणार नाही. सहा आठवडे मी विणेन, तू शिकव. सातव्या आठवड्यात तू अंगणात, मी खिडकीत. पण तू वेडी आहेस, ते आहेसच. यापुढं माझं चुकलं तर तोंडानं सांग. पडून सांगत जाऊ नकोस."